ला होयाच्या उथळ पाण्यात लेपर्ड शार्क पाहायचे असतील तर: तयारीपासून बाहेर येईपर्यंत

कॅलिफोर्नियात सॅन डिएगो शहराच्या मध्यापासून उत्तरेला साधारण २० किलोमीटरवर ला होया शोर्स नावाचा वाळूचा चंद्रकोरी किनारा आहे. दर उन्हाळ्यात त्याच्या दक्षिण टोकाला, कमरेएवढ्या ते डोक्यावर जाईल एवढ्या पाण्यात, लेपर्ड शार्क गोळा होतात. होडी लागत नाही, पिंजरा लागत नाही, हवेची टाकीही लागत नाही. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, तोंड पाण्यात घालून तरंगायचं आणि खाली बघायचं.

तरी पुष्कळ लोक तासभर पाण्यात राहून हात हलवत परत येतात. शार्क तिथेच असतात, पाच-सात मीटरवर. पण पाण्यात धडपड करणाऱ्या माणसाला ते दिसत नाहीत, कारण तो पोहोचायच्या आत ते निघून गेलेले असतात. त्यामुळे या लेखातली प्रत्येक सूचना शेवटी एकाच गोष्टीसाठी आहे: पाण्यात तुमचं अंग स्थिर राहावं. कुडकुडणारा माणूस स्थिर राहू शकत नाही. मास्कमध्ये पाणी शिरणारा, लाटेने ढकलला जाणारा किंवा भीतीने धाप लागलेला माणूसही नाही. हे चारही त्रास किनाऱ्यावर पोहोचण्याआधीच टाळता येतात.

हे मासे इथेच का येतात

लेपर्ड शार्क म्हणजे ट्रायाकिस सेमिफॅसिआटा. ओरेगनपासून मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंतच्या किनाऱ्यावर तो आढळतो. इथे दिसणारे बहुतेक १.२ ते १.५ मीटर लांब असतात. पाठीवर ओळीने काळपट, खोगिरासारखे आडवे पट्टे, कुशीवर ठिपके आणि खाली पांढुरकं पोट. कोकणात लहान शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात. अंगलटीने हा त्या मुशीच्याच जवळचा. दात बारीक, तोंड खालच्या बाजूला. खाणं खेकडे, शिंपल्यांतले जीव, वाळूतल्या अळ्या, माशांची अंडी, लहान मासे आणि म्हाकुल.

किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राच्या तळात ला होया कॅन्यन ही खोल घळ सुरू होते. तिच्यामुळे येणाऱ्या लाटा वळतात आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात त्यांचा जोर कमी पडतो. पाणी शांत आणि उथळ असल्यामुळे तिथे ऊन पटकन मुरतं. याच किनाऱ्याच्या उत्तरेला स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी या माशांना खुणेची यंत्रं लावून पाहिलं, तेव्हा जवळजवळ सगळ्या वयात आलेल्या माद्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक गाभण होत्या. दिवसा त्या उथळ, उबदार पाण्यात राहतात आणि रात्री भक्ष्यासाठी खोल पाण्याकडे जातात. शार्कचं रक्त थंड असल्यामुळे पाण्याचा उबारा थेट पोटातल्या पिलांच्या वाढीला मदत करतो. गर्भधारणा १० ते १२ महिन्यांची. एका वेळी ४ पासून ३० च्या पुढे पिलं होऊ शकतात, पण मादी वयात यायलाच दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात.

हे सगळं सांगायचं कारण असं की पाण्यातलं तुमचं वागणं यावरून ठरतं. समोरची मादी शिकारीला आलेली नाही, ऊब घ्यायला आलेली आहे. तिला हुसकावलं की ती ऊब सोडून थंड पाण्याकडे जाते.

आणि चावण्याबद्दल: लेपर्ड शार्कने माणसाला त्रास दिल्याची एक नोंद नेहमी सांगितली जाते. १९५५ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या ट्रिनिडाड उपसागरात, नाकातून रक्त येत असलेल्या एका पाणबुड्याच्या मागे एक मासा लागला होता. त्या माणसाला इजा झाली नाही. ला होयाच्या या कोपऱ्यात खरी इजा होते ती वाळूत दडलेल्या पाखटाकडून (चपटा, शेपटीला विषारी काटा असलेला स्टिंग रे मासा). त्याबद्दल पुढे नीट लिहिलं आहे.

दिवस आणि वेळ निवडणं

हंगाम जून ते नोव्हेंबर, सगळ्यात भरवशाचे महिने ऑगस्ट आणि सप्टेंबर. जूनमध्ये मासे येऊ लागतात, पण आकाशात समुद्रावरच्या ढगांचा थर सकाळभर बसलेला असतो. उजेड कमी, त्यामुळे तळावरचा करडा मासा वाळूतून वेगळा दिसत नाही. पाण्याचं तापमान उन्हाळ्यात साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस असतं. तारकर्ली किंवा गोव्याच्या पाण्याची सवय असलेल्याला हे आकडे वाचून अंदाज येत नाही. कोकणातलं पाणी २७-२८ अंशांचं असतं. तिथे माणूस नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत तासभर आरामात राहतो. इथे तसाच उतरलात तर पंधरा-वीस मिनिटांत दात वाजू लागतील.

दिवस पक्का करण्याआधी चार गोष्टी बघा.

पहिली, लाट. अंदाजात दोन फुटांच्या आतली उंची हवी. नुसती उंची बघून भागत नाही, दोन लाटांमधला काळही बघा. तो १४-१५ सेकंदांच्या वर असेल तर लाट दिसायला लहान असली तरी तळापर्यंत हलवते, वाळू उठते आणि पाणी ताकासारखं होतं. पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येणारी लाट या किनाऱ्यावर जास्त लागते.

दुसरी, भरती-ओहोटी. इथे दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, पण दोन्हींची उंची सारखी नसते, म्हणून त्या दिवसाचा तक्ता उघडायलाच हवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात उन्हाळ्यातली पहाटेची ओहोटी फार खाली जाते. तक्त्यात आकडा उणेसुद्धा दिसतो. अशा वेळी उथळ पाण्यात लाटा फुटतात आणि माणूस वाळूवर घासला जातो. पाणी चढत असताना, तक्त्यात ३ ते ५ फूट असेल तेव्हा उतरणं सगळ्यात चांगलं. नवख्यांनी अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा काळ, निवडावा. तेव्हा पातळी फारशी हलत नाही, ओढ कमी असते आणि घाई करावी लागत नाही. फार मोठ्या भरतीत मात्र दक्षिण टोकाला पाणी थेट किनाऱ्यावरच्या भिंतीवर आपटतं आणि परत उसळतं. तेव्हा तिथून चालतही जाऊ नका.

तिसरी, वारा. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. सकाळी साडेसात ते दहा हा काळ पाणी स्वच्छ आणि माणसं कमी या दोन्ही कारणांनी उत्तम. दुपारी पाणी अधिक तापतं, पण तोवर शिकवणीचे गट, कयाक (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या) आणि मुलं यांनी पाणी ढवळून गेलेलं असतं.

चौथी, पाऊस. पावसानंतर ७२ तास समुद्रात जाऊ नये असा सॅन डिएगो भागातला सरकारी सल्ला आहे, कारण रस्त्यांवरची घाण नाल्यांतून समुद्रात येते. उन्हाळ्यात इथे पाऊस क्वचितच पडतो. नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सूक्ष्म शेवाळ वाढून पाणी तांबूस-तपकिरी झालं असेल तर दिसतही काही नाही. तो दिवस सोडून द्या.

कोणी उतरावं, आणि आधी तलावात काय करून बघावं

न थांबता २०० मीटर पोहता येणं आणि हातपाय न मारता दहा मिनिटं तरंगता येणं, एवढं हवंच. पाणी उथळ आहे म्हणून न पोहणाऱ्याने मास्क लावून पुढे जाऊ नये. चार पावलं पुढे पाणी डोक्यावर जाऊ शकतं, आणि मास्क लावलेल्या माणसाला खोली कळत नाही. पोहता न येणाऱ्यांनी लाइफ जॅकेट घालून, सोबत अनुभवी माणूस ठेवून, कमरेच्या पाण्यापर्यंतच जावं.

भारतातून मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर रक्तदाब आणि हृदयाच्या तक्रारींबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. थंड पाण्यात शिरताच त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि पहिली मिनिट-दोन मिनिटं श्वास आपोआप जोरात होतो. धडधाकट माणूस ते सोसतो, हृदयाच्या रुग्णाला ते महागात पडू शकतं.

तलावात हा सराव करा, दोन-तीन वेळा पुरे:

१. मास्क आणि स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून तोंड पाण्यात ठेवून पाच मिनिटं नुसतं तरंगा. हात स्थिर, पाय स्थिर. फक्त लांब, संथ श्वास. सगळ्यात अवघड हेच, म्हणून आधी हेच.

२. मुद्दाम डोकं खाली घालून नळीत पाणी भरू द्या, वर या आणि एकाच जोरदार फुंकरीने ते उडवा. पुढचा श्वास सावकाश घ्या, कारण थोडं पाणी मागे राहतंच.

३. मास्कमध्ये अर्ध्यापर्यंत पाणी घ्या. मास्कची वरची कड कपाळावर दाबून, मान थोडी वर करून नाकाने हवा सोडा. खालच्या कडेने पाणी निघून जातं. हे जमलं की समुद्रात मास्क गळला तरी जीव घाबरत नाही.

४. फिन्स (पायात घालायची रबरी वल्ही) घालून गुडघ्यातून सायकल न मारता कंबरेपासून संथ लाथ मारा. फिनचं टोक पाण्याबाहेर आलं की आवाज होतो. तो आवाज ऐकून स्वतःला सुधारा.

सामान

वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात ऊब राखणारा रबरी पोशाख, ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू, म्हणून वेळ तिच्यावर घालवा. जुलै ते सप्टेंबरसाठी ३ मिलिमीटर जाडीचा, पूर्ण हातापायांचा. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४/३, म्हणजे धडाला ४ आणि हातापायांना ३ मिलिमीटर. भाड्याने मिळतो. भाड्याचा घेताना लोक 'जरा सैल द्या' म्हणतात, आणि तिथेच चुकतं. सूटच्या आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उष्णतेने गरम होतं. सूट सैल असला की हालचालीबरोबर ते बाहेर पडतं आणि थंड पाणी आत येतं. कोरडेपणी घातल्यावर तो आवळल्यासारखाच वाटला पाहिजे. तपासायची जागा म्हणजे पाठीचा खालचा भाग. तिथे चिमटीत कापड सहज येत असेल तर एक माप लहान घ्या. गळा मात्र श्वास अडेल इतका घट्ट नको. अंगभर कपड्यांची सवय असलेल्यांनाही या सूटमध्ये संकोच वाटत नाही.

तो घालताना पायाला प्लॅस्टिकची पिशवी घालून पाय सरकवा, सूट झटकन वर येतो. कापड नखांनी ओढू नका, फाटतं. बोटांच्या पेरांनी धरून थोडं थोडं वर सारा. चेन पाठीला येते आणि तिला लांब दोरी असते.

मास्क चेहऱ्याला बसतो का हे पट्टा न लावता बघायचं. चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. तो चिकटून राहिला तर बसला. केसांची एक बट आत अडकली तरी पाणी शिरतं. मिशा असल्या तर नाकाखाली, कडेच्या जागी थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कड वाकून वाढते. चष्मा मास्कच्या आत घालता येत नाही. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, ते घ्या. नव्या मास्कची काच आतून साध्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून धुवा, कारण कारखान्यातला पातळ थर राहिला तर काच सतत धुरकट होते. उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब आतून चोळून हलकेच विसळा.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क इथे वापरू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. धाप लागल्यावर सोडलेली हवा आतच राहण्याचा धोका असतो आणि घाईत तो पटकन काढता येत नाही. साधी, वाकडी नळी पुरते.

फिन्स आखूड घ्या. लांब फिन्स दीड मीटर पाण्यात तळाला लागतात आणि वाळूचा धुरळा उठवतात.

अंगठ्या, पैंजण, सैल बांगड्या घरी ठेवा. थंडीने बोटं आकसतात आणि अंगठी नकळत निसटते. वाळूत पडलेली परत मिळत नाही. मंगळसूत्र काढायचं नसेल तर सूटच्या आत, गळपट्टीखाली सपाट बसवा. मान, कान आणि पोटऱ्यांना झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन वीस मिनिटं आधी लावा. तोंड खाली ठेवून तरंगताना मानेची मागची बाजू सगळ्यात जास्त भाजते.

किनाऱ्यावर

केलॉग पार्कचं मोफत पार्किंग सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर भरतं, साडेसातला पोहोचा. शॉवर आणि स्वच्छतागृह तिथेच आहेत. आधी लाइफगार्डच्या चौकीवर जा आणि आज पाणी कसं आहे, पाखट किती आहेत हे विचारा. सूचनाफलकावर शार्कबद्दल इशारा असेल किंवा पाणी बंद असेल तर उतरायचं नाही. उत्तरेला टॉरी पाइन्स आणि डेल मारच्या बाजूला ग्रेट व्हाइट शार्कची पिल्लं दिसतात, म्हणून हा इशारा कधी कधी लागतो.

मग वाळूवरून दक्षिणेकडे चालत जा, द मरीन रूम या समुद्राला लागून असलेल्या उपाहारगृहासमोर. वाटेत आव्हेनिदा दे ला प्लाया हा रस्ता जिथे वाळूला मिळतो तिथून कयाक आणि होड्या पाण्यात सोडतात. त्यांच्या वाटेत पोहू नका. तोंड पाण्यात असलेला माणूस वल्हं मारणाऱ्याला दिसत नाही.

पाच मिनिटं उभं राहून पाणी बघा. लाटा झुंडीने येतात, मग थोडी उसंत मिळते. किती वेळाने उसंत मिळते ते मोजा. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून पायाची बोटं दिसत नसतील तर आज शार्कही दिसणार नाहीत.

पाण्यात शिरणं

फिन्स हातात, मास्क गळ्यात. कपाळावर मास्क ठेवायचा नाही, पहिलीच लाट तो घेऊन जाते.

पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत सरकवायचा. इथे गोल पाखट वाळूचा पातळ थर अंगावर घेऊन पडलेले असतात. घासत येणारा पाय त्यांना कडेने लागतो आणि ते उडून जातात. वरून पडलेल्या पायाला मात्र शेपटीचा काटा बसतो. कमरेच्या पाण्यापर्यंत हेच चालू ठेवा. रबरी बुटांमुळे थोडा बचाव होतो, पण काटा त्यांतूनही आरपार जाऊ शकतो, म्हणून बूट आहेत म्हणून बिनधास्त चालू नका.

कमरेच्या पाण्यात, उसंत असताना, जोडीदाराच्या खांद्याचा आधार घेऊन फिन्स घाला. मास्क लावा. आता लगेच पुढे जाऊ नका. मान पाण्यात घाला, थंड पाणी सूटच्या गळ्यातून पाठीवर उतरू द्या आणि श्वास शांत होईपर्यंत, साधारण दोन मिनिटं, तिथेच तरंगा. हा थांबा गाळला की माणूस धापा टाकतच पुढे जातो आणि मग पूर्ण वेळ धापाच टाकत राहतो.

शोधणं आणि थांबणं

छातीएवढ्या पाण्यात या आणि तिथून किनाऱ्याला समांतर सरका. दिसले नाहीत तर थोडं आत, पुन्हा थोडं बाहेर. बहुतेक मासे एक ते तीन मीटर खोलीच्या पट्ट्यात, तळापासून हातभर वर असतात. त्याहून खोल गेलात तर खाली फक्त हिरवट अंधार दिसेल. दक्षिणेला खडक आणि समुद्री गवत सुरू होतं. तिथे नारिंगी गॅरिबाल्डी मासे दिसतात, पण शार्कसाठी पुन्हा वाळूकडे वळा.

पहिल्यांदा नजरेला पूर्ण मासा पडत नाही. आधी हलणारी सावली दिसते, मग पाठीवरचे काळपट पट्टे, आणि मग डावी-उजवीकडे संथ वळवळणारी शेपटी. शेपटीचा वरचा भाग लांब असतो. पाण्यात मास्कमधून वस्तू साधारण एक-तृतीयांशाने मोठी दिसते, म्हणून सव्वा मीटरची मादी दीड मीटरच्या पुढची वाटेल, दचकू नका. फावड्यासारखं चपटं डोकं आणि तपकिरी अंग असलेला, वाळूवर पडून राहिलेला मासा म्हणजे गिटारफिश. तोही या भागात पुष्कळ असतो आणि निरुपद्रवी असतो.

दिसला की नवखा माणूस हमखास तीन चुका करतो: ओरडतो, बोट दाखवतो आणि त्याच्या दिशेने लाथ मारतो. तिन्हींमुळे मासा जातो. शार्कला पाण्यातलं कंपन अंगाच्या दोन्ही बाजूंच्या संवेदी रेषेने कळतं. फिनची एक फटकार त्याला अंगावर पडलेल्या थापेसारखी जाणवत असणार. म्हणून पहिला शार्क दिसताच दहा संथ श्वास मोजायचे आणि त्या दहा श्वासांत काहीही हलवायचं नाही. लाट तुम्हाला हलकेच पुढेमागे नेईल, ते चालतं. तळावरचं गवतही तसंच हलतं.

इथे वेटसूट एक अडचण करतो. त्याच्या रबरात हवेचे बुडबुडे असतात, त्यामुळे पाय वर तरंगतात आणि फिन्स पाण्याबाहेर येऊन आपटतात. यावर उपाय म्हणजे लाथ मारणंच बंद करणं. पाठ किंचित कमानीसारखी ठेवा, पाय सैल सोडा आणि सरकायचं असेल तेव्हा तळहात पोटाजवळ ठेवून मनगटातून पाणी हलकेच मागे सारा. वेग अगदी कमी मिळतो, आणि तेवढाच हवा असतो.

मासा ज्या दिशेने चालला आहे त्याच दिशेला, बाजूने, दोन-तीन मीटर अंतर ठेवून सरका. समोरून जाऊ नका, वरून बुडी मारू नका. त्याच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये कधीही उभं राहू नका. पळायची वाट अडली की सगळा थवा एकदम उधळतो. शेपटीचा एकच फटका बसतो, वाळूचा ढग उठतो आणि दहा-बारा मासे दिसेनासे होतात. असं झालं तर पाठलाग करू नका. जागेवरच थांबा. बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांत ते परत त्याच उबदार पट्ट्यात येतात, आणि स्थिर राहिलेल्या माणसाच्या खालून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून जातात.

तो हात लांब करायचा नाही. स्पर्श नको, खायला टाकणं नको, सेल्फीची काठी पुढे खुपसणं नको. हा भाग २०१२ पासून मत्लाहुआइल या राखीव सागरी क्षेत्रात आहे. इथून मासा तर सोडाच, शिंपलाही उचलून न्यायचा नाही.

कॅमेरा मनगटाला बांधा, छातीजवळ धरा आणि चालू करून विसरून जा. ऊन पाठीमागे असू द्या. फ्लॅशने पाण्यातले वाळूचे कणच उजळतात, त्याचा उपयोग नाही.

गटात असाल तर एका वेळी चारपेक्षा जास्त जण एकत्र तरंगू नका. दोघादोघांच्या जोड्या करा आणि जोडीदार सतत हाताच्या अंतरावर ठेवा.

पाखटाचा काटा लागला तर

पायाला एकदम चटका बसतो आणि काही मिनिटांत वेदना पोटरीपर्यंत चढते. जोडीदाराला सांगून लगेच बाहेर या, लाइफगार्डला हाक मारा. जखम स्वच्छ पाण्याने धुवा. मग पाय गरम पाण्यात बुडवा, सोसवेल इतक्या गरम, पण ४५ अंशांच्या वर नाही. ३० ते ९० मिनिटं ठेवा आणि पाणी निवलं की बदला. पाखटाचं विष प्रथिनांचं असतं, ते उष्णतेने निकामी होतं, म्हणून वेदना उतरते. पाण्याची उष्णता दुसऱ्याच्या हाताने किंवा स्वतःच्या चांगल्या पायाने तपासा. दुखऱ्या पायाला अंदाज येत नाही आणि तो भाजतो. बर्फ लावू नका.

काट्याचा तुकडा खोल रुतला असेल तर ओढून काढू नका. धनुर्वाताची लस कधी घेतली हे आठवून डॉक्टरांना दाखवाच. जखम छातीला, पोटाला किंवा मानेला असेल, श्वास लागत असेल किंवा चेहरा सुजत असेल तर थेट ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा.

थंडी, आणि बाहेर येणं

पहिल्या खेपेला ४५ मिनिटं पुरे. दर दहा मिनिटांनी अंगठा करंगळीला टेकवून बघा. बोटं जुळेनाशी झाली, बोलताना शब्द अडखळू लागले किंवा कुडकुडणं थांबवता येईना, तर समोर कितीही शार्क असले तरी बाहेर निघायची वेळ झाली. जोडीदाराची बोटंही तपासा. थंडी वाजणारा माणूस बहुधा 'मी ठीक आहे' असंच म्हणतो.

पाण्याची ओढ समुद्राकडे नेऊ लागली तर तिच्याविरुद्ध पोहू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाजूला निघा आणि मग किनाऱ्याकडे वळा. थकलात तर तरंगत राहा आणि हात वर करून हलवा, चौकीवरून दिसतं.

परत येताना कमरेच्या पाण्यात फिन्स काढा, मास्क गळ्यात घ्या, पाय पुन्हा घासत चाला आणि पाठ समुद्राकडे करू नका. मागून आलेली गुडघ्याएवढी लाटसुद्धा थकलेल्या माणसाला पाडते. बाहेर आल्यावर पाण्यापेक्षा वारा जास्त झोंबतो. सूट लगेच उतरवा, अंग कोरडं करा, डोक्यावर टोपी घाला आणि थर्मासमधला गरम, गोड चहा घ्या. मद्य नको, त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलीसुरली ऊबही जाते. सूट गोड्या पाण्यात धुऊन, उलटा करून सावलीत वाळवा. उन्हात रबर कडक होतं.

आज काहीच दिसलं नाही आणि हाताशी दुसरा दिवस असेल, तर तक्ता पुन्हा उघडा. आजची भरती उद्या साधारण ५० मिनिटं उशिरा येईल. पाण्याची तीच पातळी हवी असेल तर तेवढ्याच उशिराने उतरा, आणि या वेळी पहिली दहा मिनिटं अजिबात न हलता तरंगून बघा.